बटणापुढचा नमस्कार

दुपारी जेवणानंतर वीज जाते आणि पुंडलिक खैरेंच्या डोक्यावरचा पंखा रेंगाळत थांबायला लागतो. पाती तीनच. पण डोळा लागता लागता चौथं दिसतं, आणि त्यावर पांढरी टोपी घालून गुलाबराव निकम बसलेले असतात. गुलाबराव वारले त्याला बरीच वर्षं झाली. पण सहकारातला माणूस वारला म्हणून जागा सोडतो असं नाही.

"काय जावईबापू, कुठवर आला आमचा इतिहास?"

खैरे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. डोंगरसांगवी सहकारी वीज संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका त्यांच्या गळ्यात पडली आहे. संस्था केव्हाच बंद पडली. पण तेवढ्याने सुवर्णमहोत्सव टळत नाही. सरकारी तारा डोंगर चढेनात, तेव्हा गुलाबरावांनी वाड्या-वस्त्या गोळा केल्या, ज्याच्या दारात खांब त्यानेच खड्डा खणायचा असा ठराव केला आणि बैलगाड्यांवरून खांब वर नेले. एवढं खैरेंनी लिहून काढलंय. अडलंय ते उद्घाटनापाशी. कारण मारुतीच्या देवळातला पहिला दिवा ज्या शाळकरी मुलीने लावला, ती डोंगरसांगवीची सुलभा आता खैरेंची बायको आहे आणि खैरे गावचे जावई.

"गुलाबराव म्हणाले, भिऊ नको पोरी, मी आहे." हे वाक्य खैरे लग्नाच्या पंगतीपासून ऐकत आलेत. रोज दिवेलागणीला सुलभा बटण दाबते आणि बल्बकडे बघून हात जोडते. दिव्याला सगळेच जोडतात. पण हिचा नमस्कार नेमका कुणाला पोचतो, याबद्दल खैरेंना शंका नाही. म्हणून स्मरणिकेत त्यांनी लिहिलंय, 'एका विद्यार्थिनीच्या हस्ते.'

"विद्यार्थिनीला नाव नव्हतं का?" गुलाबराव वरून विचारतात.

"जागा कमी होती."

"आणि माझा फोटो?"

"तिकिटाएवढा घेतलाय."

गुलाबराव हसतात. खैरे रागाने पलंगावरून पाय खाली टाकतात, तर पायाला देवळाची गार फरशी लागते. भिंतीवर लाकडी पाटी, पाटीवर काळं बटण. बायकांनी त्याला हळदीकुंकू वाहून वाहून माखून टाकलंय. बाहेर सतरंजीवर वारलेले सभासद हात वर करून कशाला तरी मंजुरी देताहेत.

"साऱ्या गावातून हिलाच का बोलावलंत?" खैरे विचारतात. गुलाबरावांच्या जिवंतपणी हे विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"बोलावलं कुठं? मंत्र्यांची जीप ओढ्यात रुतली. मी सरपंचांना म्हटलं, तुम्ही दाबा. त्यांनी मान उपसरपंचांना दिला. उपसरपंचांनी गुरवाला. शॉक बसून मरायचा मान म्हटल्यावर सगळेच नम्र झाले. ही पोर आली आणि दाबून मोकळी झाली."

"मग ते 'मी आहे'?"

"दिवा लागल्यावर म्हणालो. तोवर मी खांबामागं होतो."

खैरेंना बरं वाटतं. इतकं की त्यांना थोडी लाज वाटते, मग तीही जाते.

"खरी अडचण पुढंच झाली," गुलाबराव म्हणतात. "बंद करायला कुणी हात लावीना. देवापुढचा दिवा विझवायचा कसा? दिवस वर आला तरी बल्ब आपला जळतोय. मी पोरीला म्हटलं, तू लावलास, तूच घालव. तर म्हणाली, लावावा कुणीही. विझवायला घरचं माणूस लागतं." ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. "तुमच्याकडं रात्री दिवा कोण बंद करतं?"

खैरे आठवून बघतात. सुलभा अंथरुणाला पाठ टेकते आणि फक्त "अहो" म्हणते. उठतात खैरे. थंडी असो, ताप असो, भांडण झालेलं असो. याला ते आजवर तिचा आळस समजत आले.

"मीच," ते म्हणतात.

गुलाबराव त्यांच्याकडे बघत राहतात. ती नजर खैरेंच्या ओळखीची आहे. रोज दाढी करताना आरशात दिसते.

"नमस्कार काय, मला अख्ख्या तालुक्यानं केले," गुलाबराव म्हणतात. "पण 'अहो' कुणी म्हणालं नाही. बायको लवकर गेली. हेवा वाटतो, जावईबापू." मग ते खैरेंचा अंगठा धरून त्या माखलेल्या बटणावर ठेवतात. "घालवा आता. मला झोपायचंय."

खैरे बटण दाबतात. देऊळ, सतरंजी, सभासद, सगळं एकदम जातं.

डोक्यावर पंखा गरगरतोय. बाहेर ऊन उतरलंय. खैरे उठतात, स्मरणिकेचा कागद ओढतात आणि विद्यार्थिनी खोडून तिथे लिहितात, 'सौ. सुलभा पुंडलिक खैरे यांच्या हस्ते.' सौ. तेव्हा चौथीत होत्या, हे वाचकांनी सांभाळून घ्यावं. कागदावरून हात उचलतात तर कडेला लाल ठसा उमटलेला. अंगठ्याला कुंकू आहे, रेषा भरतील इतकं. देवघराकडे तर ते सकाळपासून फिरकलेले नाहीत.

"अहो, सरका जरा. दिवे लावायचेत."

सुलभा आत येते, बटण दाबते आणि डोळे मिटून हात जोडते. नमस्कार कुणाला, हे खैरे आजही विचारत नाहीत. ते लाल अंगठा मुठीत मिटतात आणि सरकायचं म्हणून सरकतात, ते बरोबर बल्बच्या खाली येऊन उभे राहतात.