आधी सांगायचं, मग पाणी

परवाच्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासमध्ये एका विद्यार्थिनीनं माझीच शिकवणी घेतली... आणि तिचा इतका अभिमान वाटला की लिहिल्याशिवाय राहवेना.

त्याच्या आधीच्या रविवारी मी फळ्यावर 'ओन अप' लिहिलं होतं. म्हणजे कुणी पकडायच्या आत आपली चूक आपणच कबूल करायची. रोजच्या वापरातलं उदाहरण द्या म्हटलं, तर कुणी उतू गेलेलं दूध आणलं, कुणी इस्त्रीनं जळालेला नवऱ्याचा शर्ट.

सुनीताचं वेगळंच. ती सोयगावकडची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. चिकलठाण्याला एका कंपनीत पार्ट तपासते. "आमच्यात मेंढरू हारपलं की दारातच सांगावं लागतं, मॅडम. आधी सांगायचं, मंग पाणी प्यायचं." मी खूश होऊन वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज रडवेला. बस चुकेल म्हणून घाईत एका खोक्यातल्या पार्टचं माप न घेताच तिनं ओकेचं लेबल लावलं होतं. खोकं सकाळी गाडीत चढणार होतं, आणि महिन्याभरात ती परमनंट होणार होती... मी म्हटलं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? गप्प बस.

हो, हे मीच म्हटलं. फळ्यावर 'ओन अप' लिहून टाळ्या वाजवायला लावणारी मी.

रविवारी ती आली आणि वर्गात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. शुक्रवारी गाडी भरायच्या आतच तिनं साहेबांना गाठलं होतं, तेही इंग्लिशमधून! खोकं उघडलं तर निम्मे पार्ट बाद निघाले. तिला बोलणी खावी लागली, परमनंटचंही तीन महिने पुढं गेलं.

वाईट नाही वाटलं का, मी विचारलं.

"वाटलं की, लई वाटलं. पण सांगून आले आन् गटागटा पाणी प्याले. रातभर घोट उतरला नव्हता."

माझ्या सल्ल्याचा तिनं शब्दही काढला नाही. मग मीच उठले... "आय ओन अप" म्हटलं आणि फोनवर काय सांगितलं होतं ते अख्ख्या वर्गासमोर बोलून टाकलं. घशाला कोरड पडली होती.

सुनीतानं आपली बाटली पुढे केली. "घ्या मॅडम, आता प्या."

सुनीता, तू माझ्या क्लासला येतेस हे मी आता चारचौघांत मिरवणार आहे.