चवीपुरते उपाशी

प्रकल्पप्रमुख डॉक्टरांनी पाच नळ्या एका ओळीत मांडल्या आणि मला विचारले, "मॅडम, हे रक्त आहे की दूध?"

प्रश्न बोचरा असला तरी गैर नव्हता. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळा द्रव उरतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. उपाशी माणसाचा प्लाझ्मा बहुधा निवळ असतो. स्निग्ध पदार्थ खाऊन दोन-तीन तास झाले की तो पांढुरका होऊ शकतो. या पाच नळ्यांतला प्लाझ्मा चहात घालता आला असता.

आमचा अभ्यास मायक्रोआरएनएचा होता. पेशीतील जनुक हे मुख्याध्यापक समजा. प्रथिन तयार करण्याची सूचना ते चिठ्ठीवर लिहून पाठवतात. मायक्रोआरएनए हा मॉनिटर. तो स्वतः काही बनवत नाही; ठरावीक चिठ्ठ्या वाटेत अडवतो. चरबीच्या पेशी असे मॉनिटर रक्तातही सोडतात, आणि त्यांतले काही यकृतासारख्या दूरच्या वर्गात जाऊन तिथल्या चिठ्ठ्या अडवतात. लठ्ठपणात कोणते मॉनिटर वाढतात आणि कोणते घटतात, हे लोणावळ्यातील स्त्रियांच्या रक्तात मोजायचे होते. मोजमाप नाजूक. दुधाळ प्लाझ्मा त्यात घोटाळा करतो.

"हाताळणीत चूक झाली आहे," सर म्हणाले. येत्या शुक्रवारीही असेच निघाले तर लोणावळ्याचे केंद्र बंद करून पुण्याची टीम पाठवू, असेही त्यांनी शांतपणे सांगितले. सव्वीस वर्षे सुई धरलेल्या माझ्या हातावर लाल शेरा बसणार होता.

त्या दिवशी रक्त दिलेल्या बाराही जणींचे फॉर्म मी पुन्हा तपासले. सुया एकाच खोक्यातल्या, यंत्र एकच, हात माझेच. सात नळ्या निवळ होत्या. दुधाळ निघालेल्या पाचही जणी मात्र एकाच चिक्कीच्या कारखान्यातून, सहाची पाळी सुरू करून नऊला माझ्याकडे आल्या होत्या. 'काही खाल्लं का?' या रकान्यात पाचही ठिकाणी 'नाही' होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वही घेऊन कारखान्यात बसले. टाकव्याहून येणाऱ्या हौसाबाई तिथल्या मुख्य कारागीर. कढईतला एक घाणा लाटून झाला की त्या कोपऱ्याचा तुकडा मोडत, दाताखाली धरत, आवाज ऐकत आणि मान हलवत. मग तुकडे उरलेल्या चौघींकडे जात. त्याही माना हलवत. नऊपर्यंत नऊ घाणे झाले.

"मावशी, तुम्ही तर काही खाल्लं नाही म्हणालात."

"न्हाईच खाल्लं. भाकर अजून डब्यात हाय, बगा उघडून."

"आणि हे?"

"ही चव हाय, ताई. खायाचं म्हंजी ताट घिऊन बसायचं. दात लावल्याबिगर कडक झाली का मऊ, कसं कळंल?"

मी सरांना फोन केला. चवीने एवढा फरक पडत नाही, असे त्यांचे मत पडले. शेवटी ठरले की शुक्रवारी कारखान्यातच, पहिल्या घाण्यापूर्वी, पाचही जणींचे रक्त घ्यायचे. आणि माझी हाताळणी तपासण्यासाठी नेहमीच्या वेळी, नऊला, उपाशीपोटी सरांचेही.

शुक्रवारी सर सहाला हजर झाले. आपण चहासुद्धा घेतलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. पाच नळ्या भरल्या आणि कढया चढल्या. पहिला घाणा उतरताच हौसाबाईंनी सरांच्या तळहातावर तुकडा ठेवला.

"सर, आज तुमीच सांगा, कडक झाली का."

सरांनी तो दाताखाली धरला आणि मोठ्या शास्त्रीय एकाग्रतेने आवाज ऐकला. दुसऱ्या घाण्याला ते स्वतःच उठून गेले. तिळाची किंचित मऊ आहे, असा अभिप्राय त्यांनी दिला. काजूची त्यांना दोनदा तपासावी लागली. मी वहीत दर तुकड्याला एक अशा रेघा ओढत राहिले. अकरा झाल्या. निरीक्षकाने प्रयोगात ढवळाढवळ करू नये, असा नियम आहे. मी तो काटेकोर पाळला.

नऊला सरांनी बाही वर केली. मी फॉर्ममधला प्रश्न शब्दशः विचारला.

"काही खाल्लं का?"

"छे."

मी 'नाही' लिहिले आणि त्याखाली त्यांची सही घेतली.

कारखान्याच्या ऑफिसातल्या टेबलावर मी सोबत आणलेले छोटे सेंट्रिफ्यूज थांबले. हौसाबाईंसह पाच जणींच्या नळ्या निवळ होत्या. सहावी ताकासारखी गढूळ. सरांनी ती खिडकीकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"हाताळणीत चूक झाली असेल का, सर?" मी नम्रपणे विचारले.

सर काही बोलण्याआधी दारातून हौसाबाई म्हणाल्या, "उगा त्यास्नी बोलू नका, ताई. त्यांनी चव घेतली, खाल्लं कुटं?"

लोणावळ्याचे केंद्र सुरू राहिले. फॉर्मवरचा पहिला प्रश्न आता 'सकाळपासून दाताखाली काय काय आले?' असा आहे. तो सरांनी स्वतः लिहिला. सर्वांची उत्तरे सारखीच चुकू लागली, तर आधी प्रश्नपत्रिका तपासावी. आणि परीक्षकाला शक्यतो चिक्कीपासून दूर बसवावे.