घर बघून पिल्लू

रविवारी संध्याकाळी आक्का आणि मी तिच्या ओट्यावर बसून तिच्या कुत्रीसाठी ताकात भाकर कुस्करत होतो. माझे तुकडे आक्काला कधीच पसंत पडायचे नाहीत. "बारीक करा भाऊ, तिला गिळायची घाई असती," म्हणत तिनं माझ्या हातातली भाकर काढून घेतली.

गल्ली तिला आक्का म्हणायची. तुम्हीही तिला गारखेड्याच्या बाजारात पाहिलं असेल. लुगडं, डोक्यावर पदर आणि दोरीला पिवळी लॅब्रॅडॉर कुत्री. तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, कुत्र्याशिवाय तिला करमायचं नाही. पिल्लं घ्यायला मोटारी यायच्या. ती सगळ्यांना एकच सांगायची, "आधी घर दाखवा." मग न सांगता भर दुपारी जायची, फरशीवर बसायची, पाणी मागायची आणि पाणी कोण आणून देतं ते बघायची. एका बंगल्यात वॉचमननं पाणी दिलं. आक्का पाणी प्यायली, वॉचमनला आशीर्वाद दिला आणि पिल्लू काही दिलं नाही.

माझी बायको गेल्यावर पुण्याच्या पोरानं ठरवलं, बापाला सोबतीला जातिवंत पिल्लू घ्यायचं. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू. रिकाम्या घरात भांडं पडलं तरी मी दचकतो.

आक्का माझ्याकडंही दुपारीच आली. पाणी मीच दिलं. मोरीत एक ताट, एक वाटी. ते बघून तिनं मला पोराला फोन लावायला सांगितलं. मी फोनचा स्पीकर चालू केला.

"कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं," ती त्याला म्हणाली. "भाऊ सत्तरीच्या पुढं हायत. त्यांच्यामागं कुत्रं कुणाचं?"

"तेव्हा बघू. आमच्या फ्लॅटमध्ये नाही जमणार. देऊन टाकू कुणाला तरी."

"आन् भाऊ आजारी पडले तर?"

"रजा मिळाली तर येईन की. मला सारखं येता येत नाही, म्हणूनच तर कुत्रं घेतोय."

मी जन्मभर तोंडावर बोलणारा माणूस. त्या दिवशी "त्याला काम लई असतं" एवढंच सुचलं, तेही भिंतीकडं बघून. आपण पोराला कसं वाढवलं ते परक्या बाईनं ऐकलं, ही लाज अजून जात नाही.

ती उठली. "पिल्लू देत नाय, भाऊ. पण रोज येत जा ओट्यावर."

मला पिल्लू का दिलं नाही असं गल्लीत कुणी विचारलं की आक्का सांगायची, भाऊंचे गुडघे दुखतात, कुत्रं ओढून पाडील त्यांना. लोकांना पटावं म्हणून मी शेजारी बसून गुडघे चोळायचो.

त्या रविवारी एकच पिल्लू उरलं होतं. त्याच्यासाठी तिनं हर्सूलचं एक घर पसंत केलं होतं. तिथं दुपारी आजीपासून नातवापर्यंत सगळे एका पंगतीला बसतात, म्हणाली. रात्री तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं जमली. तिच्या सुनेनं पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. रडून तिचे डोळे सुजले होते. "घेऊन जा काका. आता तुम्हाला नाय म्हणणारं कोण हाय?"

पिल्लानं माझ्या बगलेत तोंड खुपसलं. सगळी गल्ली बघत होती.

"नको, पोरी," मी म्हणालो. "माझ्यामागं याला कुणी नाय. माझा पोरगा याला नेणार नाय. हर्सूलच्या लोकांना बोलाव."

चारचौघांत हे बोलताना माझी मान खाली गेली, पण बोललो.

पिल्लू कुत्रीजवळ सोडलं. ते माझ्या मागं येऊ लागलं, म्हणून फाटक ओढलं आणि बाहेरून कडी लावली.