गटारावर बसलेले पाणबुडे काका

पाणबुडे काका चालताना समोर कधी बघत नसत. नजर कायम जमिनीवर. फोर्कलिफ्ट अंगावर आली तरी आधी खाली पडलेला दाणा उचलायचे, मग बाजूला व्हायचे, आणि वर फोर्कलिफ्टवाल्यालाच शिव्या घालायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत प्लास्टिकच्या ज्या बारीक मण्यांपासून गाड्यांचे पार्ट बनतात, त्यांना आम्ही दाणा म्हणतो.

काका मूळचे मालवणचे. तिथे पर्यटकांना बुडी मारून प्रवाळ दाखवायचे, म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. कानाचा पडदा फाटला, बुडी सुटली आणि ते ठेकेदाराकडून आमच्याकडे साफसफाईला लागले. ऐकू कमी यायचं, त्यामुळे प्रेमानं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं.

"प्रवाळ म्हणजे दगडच ना?" असं मी एकदा जेवताना विचारलं आणि माझा डबा तसाच राहिला. "गो बाय, ता दगड नाय, जितो जीव आसा! मिळात ता तोंडात घेता. दाण्याचो भुगो खाल्ल्यान काय पोट भरता आणि उपाशी मरता."

आमच्यातल्या एकानं डिवचलं, "काका, हितलं पाणी इंद्रायणीतनं भीमेला, मग कृष्णेला जातंय. तुमच्या मालवणला न्हाई!"

"मगे? थंयच्या माशांक पोट नाय?"

खंडेनवमीला आम्ही मशिनं पुसून, शॉपची फरशी धुऊन पूजा करतो. काका आधी सगळा दाणा झाडून घ्यायचे, मगच पाण्याला हात. त्या वर्षी ऐनवेळी गोण फाटली आणि शॉपभर दाणाच दाणा झाला. मालक गेटवर आलेले. सुपरवायझरनं सरळ पाइप लावला. दाणा पाण्यावर तरंगत गटाराकडे निघाला.

काका धावले आणि गटाराच्या जाळीवर मांडी घालून बसले.

"ओ काका, उठा राव! आज गेटपास जाईल तुमचा."

"जावंदे. आधी झाडू घेवा."

पन्नाशी उलटलेल्या, अर्धवट बहिऱ्या माणसाला चाकणात दुसरं काम कोण देणार, हे त्यांनाही कळत होतं. सुपरवायझरनं पाइप त्यांच्यावरच धरला. कोणी हलेना. मी जाऊन नळ बंद केला आणि झाडू घेतला. मग बाकीचेही आले. आम्ही दाणा भरभर गोणीत भरला. मालक आले, नारळ फुटला, पूजा झाली. प्रसाद वाटून होताच सुपरवायझरनं काकांकडून गेटपास काढून घेतला.

मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेले. वॉचमन म्हणाला, "चला काका, लवकर." काका थांबले. ओल्या पँटला, बाह्यांना दाणा चिकटला होता. ते वाकून एकेक मणी वेचायला लागले. वॉचमननं दोनदा हटकलं, पण ऐकतंय कोण?

"हात कर गो," ते म्हणाले. मी ओंजळ पुढे केली. त्यांनी मूठ त्यात रिकामी केली.

"ह्यो भायर नको. आत घेवन जा."

मग ते गेटबाहेर पडले. मी भरल्या ओंजळीनं उभी होते, त्यामुळे मला डोळेसुद्धा पुसता आले नाहीत.