पाण्याकडे तोंड करून

उभ्या परभणी जिल्ह्यात पाणी नाही ही गोष्ट आजवर ज्याला कुणीच पटवून देऊ शकलेलं नाही असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझ्या साडूचा मुलगा आहे. नळाला आठवड्यानं येणारं पाणी पंधरवड्यावर गेलं, विहिरींचे तळ दिसले, पण या पोराच्या मते आपण सगळे एका मोठ्या जलाशयाच्या काठावर राहतो, फक्त पाणी जरा बाहेर गेलेलं आहे. तो पुण्याहून आर्किटेक्ट होऊन परतला तेव्हापासून त्याच्या पॅन्टीचे पाय घोट्याच्या वर दुमडलेले असतात. मला आधी ती फॅशन वाटली. एकदा विचारलं तर म्हणाला, "काका, माणसानं पाण्यात उतरायच्या तयारीत राहावं." हे तो भर मे महिन्यात, रसवंतीसमोरच्या फुफाट्यात उभा राहून म्हणाला. त्याच्या घोट्यांवर तेव्हा घामसुद्धा टिकत नव्हता.

त्याची पहिली वास्तू मानवतला झाली. एका अडत्याला कापूस आणि तूर ठेवायला शटरचं मोठं दुकान हवं होतं. दुकान मोठं झालं, पण त्याचा दर्शनी भाग नावेच्या नाळेसारखा टोकदार निघाला, भिंतींना गोल गोल खिडक्या आल्या आणि दारात जायला एक उतरती फळी आली. उद्‌घाटनाच्या दिवशी अडत्या हातात कात्री घेऊन आपल्याच दुकानाभोवती प्रदक्षिणा घालत होता, कारण फीत सापडत होती, पण ती ज्याला बांधली असावी असं दार सापडत नव्हतं. हमाल पाठीवर पोतं घेऊन फळी चढायला लागले की बंदरावर माल भरतोय असं वाटायचं. पुढे एसटीचे कंडक्टर त्या थांब्यावर "जहाजावाले उतरा" म्हणून ओरडायला लागले. अडत्या काही महिने याच्याशी बोलत नव्हता, पण आता त्याच्या बिलावरही जहाज छापलेलं आहे.

राणीसावरगावच्या एका शेतकऱ्याच्या घराला त्यानं अशी खिडकी दिली की चुलीपुढे बसलेल्या बाईला समोरचा आड दिसावा. मुक्कामाला गेला तेव्हा त्या घरच्या सुनेनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, खिडकीतून आड दिसतो हे खरं हाय. पण आडावरून माझं सगळं सैपाकघर दिसायलंय. आज आमच्यात काय भाजी हाय ते सासूबाईच्या आधी गावाला कळतंय." यावर हा हरखून म्हणाला, "वहिनी, हाच तर पाण्याशी संवाद." वहिनींनी दुसऱ्या दिवशी खिडकीला पोतं लावून संवाद बंद केला. नकाशा काढण्याआधी घरमालकाला पाण्याजवळ नेऊन बसवायचं, हीही त्याचीच एक रीत. परभणीत बसायला पाणी कुठलं, म्हणून एका हेडक्लार्कला त्यानं पाण्याच्या उंच टाकीखाली तासभर बसवलं. "काय जाणवलं?" असं विचारल्यावर हेडक्लार्क म्हणाले, "टाकी गळायलीय."

आता असल्या माणसाकडून स्वतःचं घर बांधून घेणारा माणूस कोण असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. तो मी. मी शाळेत भूगोल शिकवायचो. नद्या, खोरी, पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळं फळ्यावर काढून मुलांना पाठ करायला लावलं आणि निवृत्त झाल्यावर मानवतच्या अलीकडे, कालव्याला लागून, काळ्या मातीत एक तुकडा घेतला. आमच्या हिची मागणी साधी होती, दोन खोल्या, सैपाकघर आणि धान्याला एक कोठीची खोली. साडूचा मुलगा आला, दुमडलेल्या पॅन्टीनं कालव्याच्या भरावावर दिवसभर गप्प बसून राहिला. त्याचं गप्प बसणं मला विद्वत्ता वाटली, इथेच माझं चुकलं. संध्याकाळी उठून म्हणाला, "घराचं तोंड पाण्याकडं."

"पण रस्ता दुसऱ्या अंगाला आहे," मी म्हणालो.

"रस्त्याला पाठ."

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या माणसाला सर्वांत आधी आमची न्हाणी दिसते. पोस्टमन न्हाणीच्या खिडकीवर टकटक करतो आणि आतून अंघोळ करणारा माणूस "ठेव तिथंच" म्हणतो. कालव्याच्या बाजूला मात्र ऐसपैस ओसरी, आणि ओसरीतून थेट कालव्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, एखाद्या तीर्थावर असावा तसा रुंद घाट. परवानगीचं काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाणी कुणाला परवानगी विचारतं का. मी भूगोलाचा मास्तर, नागरिकशास्त्र माझ्याकडे नव्हतं. आमची ही मात्र सगळं घर फिरून आली आणि म्हणाली, "तोंड लय देखणं दिलंस बाळा. पण घराला पोट कामून दिलं न्हाईस? ज्वारीची पोती कुठं ठेवू?" पोती बैठकीत आली. आमच्याकडे पाहुणे अजूनही ज्वारीवर बसतात.

कालव्याचं म्हणाल तर त्यात पाणी कायम नसतं. पिकांसाठी वरून आवर्तन सुटलं की काही दिवस तो काठोकाठ वाहतो, एरवी तो शेळ्यांचा, मेंढ्यांचा आणि मानवतला लवकर पोचायच्या घाईत असलेल्या मोटारसायकलींचा रस्ता असतो. घराचं रूपही तसंच, पाणी असलं की काशी, नसलं की खड्ड्यात उतरणारा जिना. हे मी सांगतोय कारण पुढचं सगळं यावर अडलं.

साडूनं पोरासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. आमच्याकडे मुलीच्या बापाला जावई सरकारी नोकरीतला लागतो आणि आर्किटेक्ट म्हणजे नक्की कोण हे साडूला स्वतःलाही सांगता येत नसे. चार ठिकाणांहून नकार आल्यावर साडू माझ्याकडे आला आणि पोरासमोरच म्हणाला, "मास्तर, बोरीचं एक स्थळ हाय. पोरगी बँकेत हाय, बाप बागायतदार. हे जमलं तर ठीक. न्हाई तर ही कागदं गुंडाळायची आन् नांदेडला माझ्या दोस्ताच्या ऑफिसात गटारींचे नकाशे काढत बसायचं. तिथं भी पाणीच हाय."

पोरानं खाली वाकून पॅन्टीची एक घडी उलगडली आणि परत दुमडली. त्याला मी एवढा हवालदिल कधी पाहिला नव्हता.

बोरीकरांची अट एकच होती, पोरानं केलेलं काम डोळ्यांनी बघायचं. जहाज दाखवलं तर अडत्या बोलणार, राणीसावरगावची खिडकी दाखवली तर पोतं दिसणार. उरलं माझं घर. फोनवर बोलायची जबाबदारी मी उत्साहानं अंगावर घेतली. "पाण्याच्या काठावर घर आहे, स्वतःचा घाट आहे," मी म्हणालो. पलीकडून बोरीकरांनी विचारलं, "नदी कोणची म्हणायची, गुरुजी?" मी म्हणालो, "गंगेचंच पाणी." हे काही खोटं नव्हतं. कालव्यातलं पाणी गोदावरीचं, आणि गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पण हे स्पष्टीकरण मी फोन ठेवल्यावर हिला दिलं, बोरीकरांना दिलं नाही.

भटजींनी काढलेल्या तारखा पोरानं बाजूला सारल्या आणि कालव्याच्या चौकीदाराला विचारून दिवस धरला. चौकीदार म्हणाला, "रविवारपर्यंत पाणी तुमच्या दारात." रविवार उजाडला तो कोरडा. चौकीदाराला फोन लावला तर कळलं, वर कुठेतरी भराव खचला म्हणून पाणी अडवून धरलंय, आणि तोवर बोरीहून जीप निघालेली होती.

पाहुणे न्हाणीला वळसा घालून आले. "मागल्या दारानं आणलंत जणू," बोरीकर म्हणाले. ते ओसरीवर आले, त्यांच्यामागून मुलगी, आणि मुलीची आई हातात झाकलेलं पितळी ताट घेऊन. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, फुलं. पहिल्यांदाच गंगेच्या दारात जायचं तर तिची ओटी भरायला नको का, म्हणून त्या माउलीनं सगळं सामान बोरीहून आणलं होतं. ती सरळ घाट उतरून शेवटच्या पायरीवर उभी राहिली. खाली फुफाटा. पलीकडे एक धनगर शेळ्या घेऊन बसलेला. तेवढ्यात कालव्यातून एक मोटारसायकल आली, आम्हा सगळ्यांना घाटावर ओळीनं उभं बघून थांबली, आणि त्यावरचा माणूस बोरीकरांना म्हणाला, "पाव्हणं, मानवतला हिकडूनच ना?"

"सरळ जावा," बोरीकर सवयीनं म्हणाले.

मुलीच्या आईनं वळून मला विचारलं, "गुरुजी, गंगा कुठं हाय?"

"वाटेत आहे," मी म्हणालो.

आणि इथे मला सुचायला नको ते सुचलं. शेजारच्या बांधकामावर स्लॅबला पाणी मारायला टँकर आलेला होता. चहाचं निमित्त करून मी तिकडे धावलो. ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, कालव्यात सोडू? डोकं ठिकाणावर हाय ना?" मी म्हणालो, "तू सोड." त्यानं भरावावरून पाइप सोडला. कोरड्या कालव्यात पाण्याची एक मळकट धार वळवळत घाटाकडे निघाली. त्या माउलीनं भक्तिभावानं कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण आणि नारळ पाण्यावर ठेवला, डोळे मिटून हात जोडले. तिनं डोळे उघडेपर्यंत कालव्याच्या भेगांनी गंगा पिऊन टाकली होती. चिखलात नारळ बसला होता आणि एक शेळी खण चघळत होती.

बोरीकर बराच वेळ शेळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, ही गंगा टँकरनं येती का?"

यावर गप्प राहणं सर्वांत चांगलं होतं. मी म्हणालो, "सध्या."

साडूनं कपाळाला हात लावला. पोरगा पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "कामून केलं काका तुमी हे? पाणी न्हाई म्हणून सांगायचं की." मग तो त्या माउलीकडे वळला. "काकू, आज पाणी न्हाई. कधी येईल ते मला माहीत न्हाई. तुमची ओटी वाया गेली, माफ करा." मी त्याला लहानपणापासून ओळखतो. पाणी नाही, हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले, आणि मला ते ऐकायला अजिबात आवडले नाहीत.

बोरीकरांनी टोपी सारखी केली, म्हणजे निघायची तयारी. मुलगी मात्र पायऱ्यांकडे बघत होती. तिनं विचारलं, "हा डाग कशाचा?" दगडांवर एक फिकट ओळ होती, मी आजवर कधी नीट पाहिली नव्हती.

"मागच्या आवर्तनाचा," तो म्हणाला. "पाणी इथवर येतं."

"आन् एरवी?"

"एरवी वाट बघायची." आता हा पाण्याशी संवाद, अवकाश वगैरे सुरू करणार म्हणून मी डोळे मिटले, पण तो वेगळंच बोलला. "आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं त्या दिवशी सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असायची. कधी येईल त्याचा नेम न्हाई. बाया भांडायच्या, हसायच्या, आजोबा लोक पानाचा डबा घेऊन यायचे. पाणी येऊन गेलं की दारं बंद. मला तर घर म्हणलं की ते ओटेच दिसतात. पाणी येईपर्यंत माणसाला बसायला जागा पाहिजे, एवढंच मला बांधता येतं."

मुलगी डागाच्या वरच्या पायरीवर बसली. बोरीकर म्हणाले, "ऊठ बाई, निघायचंय." ती म्हणाली, "आबा, पाणी आल्यावर परत येऊ." आणि माझ्याकडे बघून, हसू दाबत, "गुरुजी, तेव्हा टँकर नका बोलावू."

पाणी आलं तेव्हा बोरीकर आले. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसंही न बोलावता घाटावर येऊन बसली, कारण पाणी बघत बसायला दुसरी जागाच नव्हती. माउलीनं पुन्हा ओटी भरली. या वेळी नारळ डोलत डोलत मानवतकडे निघून गेला आणि बोरीकर त्याच्याकडे बघत साडूला म्हणाले, "चला, सुपारी फोडू."

लग्नानंतर वर्षभरात बँकेनं सुनेची बदली कोकणात केली. आता पोराच्या खिडकीसमोर खराखुरा समुद्र आहे. आम्हाला वाटलं, आता हा काय काय बांधेल. पण तिकडे सगळेच पॅन्टी दुमडून हिंडतात म्हणून यानं आपल्या उलगडल्या, आणि कागद कोरेच ठेवतो म्हणून सून तक्रार करते. एकदा फोनवर मला म्हणाला, "काका, इथं पाणी जातच न्हाई कुठं. कशाची वाट बघत बसायचं तेच कळंना."

म्हणून आवर्तन सुटलं की मी त्याला फोन लावतो. घाटावर वस्तीवरची माणसं असतात, आमची ही त्यांच्यात बसून कुणाच्या तरी सुनेची चौकशी करत असते. मी खाली उतरून फोन पाण्याकडे धरतो. तो पाण्याचा आवाज ऐकत राहतो. मग विचारतो, "डागापर्यंत आलं का, काका?"

बहुतेक वेळा ते डागाच्याही वर गेलेलं असतं आणि माझे पाय त्यात असतात. मी म्हणतो, "अजून थोडं खाली आहे." मग तो फोन ठेवत नाही.