कुणी न मागितलेली हजेरी

टेंभुर्णीत निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ऐन पेरणीत तहसीलचा शिपाई माझे बैल वेठीला न्यायला आला. मी अडवलं, तर त्यानं बैलाच्या डोळ्यावर काठी हाणली. मी त्याला बांधावरून खाली ढकललं. त्यापायी कोर्टात उभा राहिलो.

मुन्सफ उर्दूत बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. बाहेर आल्यावर उर्दू जाणणारा आमचा पोलीस पाटील म्हणाला, "तुरुंग टळला तुझा. सालभर नीट वागायचं, असा नेकचलनीचा मुचलका झाला. रोज चावडीवर हजेरी द्यायची. मला इचारल्याबिगर शीव ओलांडायची न्हाई."

हजेरी म्हणजे काय, तर पाटलाच्या घोडीला पाणी, गोठ्यातलं शेण, मळ्यातली मोट. माझं शेत बायको एकटी रेटत होती. राजूरच्या गणपतीलाही जाता येईना. कुणी शिवी दिली तरी मी खाली बघायचो.

भाद्रपदात देऊळगावहून निरोप आला, थोरली बहीण बाळंतपणात अडलीय. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. देऊळगाव वऱ्हाडात, इंग्रजांच्या मुलखात. पण सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचतो. मी पाटलाचे पाय धरले.

"सरहद्दीपल्याड? बिलकुल न्हाई. पळून गेलास तर मी काय जवाब देऊ?"

मी थांबलो. बहीण गेली.

दिवाळीनंतर आमच्या शेजारचा पिंजारी चाचा गावोगाव कापूस पिंजून परतला. त्याच्या घरात उर्दूच बोलत. सगळं ऐकून तो मला घेऊन थेट कोर्टात गेला. तिथल्या कारकुनाशी बोलला आणि चाचाचा चेहरा उतरला.

"हजेरी न्हाई, परवानगी न्हाई. सालभर झगडा करू नको, बस. कुठंबी जा म्हन्तो."

गाव येईपर्यंत चाचानं माझं मनगट सोडलं नाही. "हात उचलला तर तूच आत जाशील," तो म्हणत राहिला.

भरल्या चावडीत मी विचारलं, "पाटील, मुन्सफ काय बोलला होता? चाचासमोर सांगा."

पाटील हसला. "ऐकण्यात चूक झाली असंल."

चूक! मी दातओठ खाऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता देऊळगावला गेलो. बहिणीची सासू तिच्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. "आत्ता आलास व्हय?" ती म्हणाली.

पाटील पुढं म्हातारा होऊन आपल्या खाटेवर मेला. सारा गाव मातीला गेला. मी गेलो नाही.