मिनिटाला चाळीस पानं

कोणत्याही ऑफिसात वीस वर्षं काढा, किस्से आपोआप साचतात. बदलीचे, बायोमेट्रिकचे, साहेबांच्या दौऱ्याचे. मी शाळेत क्लार्क. आमच्याकडचे बरेचसे किस्से मात्र स्कॅनरचे. सांगायला हसत बसतो, पण पुढं हसू टिकत नाही.

*

अकोल्याच्या दुकानदारानं दोन स्कॅनर दाखवायला आणले होते. एक काचेचा, एकेक पान हातानं ठेवायचं. दुसरा फीडरचा, गठ्ठा ठेवला की स्वतःच ओढतो. हेडमास्तरांनी एकच विचारलं, "मिनिटाले किती?"

"फीडरवाला चाळीस," दुकानदार म्हणाला. झाली निवड.

आमचे शिपाई वानखडे मामा दारातून बोलले, "सर, आधी जुने रजिस्टर तं पहा. पापड होऊन राह्यले त्याचे."

"मामा, तुमी चहाचं पहा," सर म्हणाले. मीही हसलो. फीडरची शिफारस लिहिली ती मीच.

*

फीडरला सुटी पानं लागतात. म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरांची शिवण कापणं आलं. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख त्यातच. मामांच्या हाती कटर दिलं, तर त्यांनी ते टेबलावर परत ठेवलं.

"याच्यात माह्या बापाचं नाव हाये. मी नाही कापत."

मग मी कापली.

*

तिसऱ्या दिवशी मशीननं एक पान आत ओढलं आणि कर्रकन अडकलं. झाकण उघडलं तर आतून चुरा आणि एक तुकडा निघाला. एक पान गेलं, एवढंच वाटलं मला तेव्हा.

*

त्या उन्हाळ्यात बाळापूरकडचे गजाननभाऊ आले. भाजीपाल्याची बागायती करणारे. सोबत मुलगी, प्राची. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, आणि जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा हवा होता. नोंद नेमकी त्याच पानावर. उरलेल्या तुकड्यावर 'सुख' एवढंच वाचता येत होतं. पुढचं नाव नाही, आडनाव नाही, जात नाही.

"आबा इथंच शिकले ना? मंग कावून नाही म्हणता?" गजाननभाऊ विचारत राहिले.

पान खराब झाल्याचा दाखला आम्ही दिला. पडताळणीवाल्यांनी तो मानला नाही. प्राचीची जागा गेली. आता ती बापासोबत मेथीच्या जुड्या बांधते. हे मला गजाननभाऊंनीच सांगितलं, आवाज न चढवता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

दिवाळीनंतर शाळेनं काचेचा स्कॅनर घेतला. त्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. सुखदेव आबा, प्राचीचे आजोबा. मी खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"हेच का नवं मशीन? याच्यात फाटत नाही म्हन्ते."

"नाही फाटत, आबा."

"पान गेलं तं गेलं. मी तं जित्ता हाव ना."

त्यांनी काठी मामांच्या हाती दिली, झाकण स्वतःच उचललं आणि दोन्ही तळवे काचेवर पसरून ठेवले.

"काढा मंग."

मामा माझ्याकडे पाहत होते. मी बटण दाबलं.